राणीची वेळा, सिंधुदुर्ग किल्ला: पौर्णिमेला नको, पंचमीला जा

मालवणच्या जेटीवरून होडी सुटली की नावाडी एकच सूचना देतो, "तासाभरात परत या." हा तास सिंधुदुर्ग किल्ल्याला पुरत नाही, हे मी आता दोनदा जाऊन आल्यावर सांगते. मग घाईत लोक जे सगळ्यात आधी वगळतात ती राणीची वेळा. मला विचाराल तर बाकी काही राहिलं तरी चालेल, ती राहू नये.

ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी: किल्ल्याच्या तटात, शहराकडे पाठ करून भर समुद्राच्या अंगाला एक लहानशी दिंडी, म्हणजे ठेंगणा चोरदरवाजासारखा दरवाजा आहे. तिच्यातून खाली उतरलं की तटाच्या कुशीत एक चिमुकली पुळण लागते. ताराराणी इथे समुद्रस्नानाला येत असं सांगतात, म्हणून राणीची वेळा. वेळा म्हणजे समुद्राचा काठ. संस्कृतात वेला म्हणजे काठही, भरतीही आणि वेळही. शिरोड्याच्या वेळागरातही मला हाच शब्द ऐकू येतो. या ठिकाणी तर तिन्ही अर्थ एकत्र लागू पडतात, ते मला पहिल्या फेरीत चांगलंच कळलं.

मी कणकवलीत राहते, शाळेत गणित शिकवते. मालवण म्हणजे आमच्या अंगणातलं, तरी किल्ल्यावर लग्नानंतर जाणंच झालं नव्हतं. दत्तजयंतीच्या सुट्टीला मी, आमचे हे आणि सातवीतली लेक निघालो. पोचेपर्यंत अकरा वाजले. जेटीवर रांग, उन्हाचा चटका, होडी भरेपर्यंत अजून वीस मिनिटं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे 12 किल्ले गेले त्यांत सिंधुदुर्ग आहे, होडीत त्याचीच चर्चा चालू होती. उतरलो, गोमुखी दरवाजातून आत गेलो, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा पाहिला, शिवराजेश्वराला नमस्कार केला. राजाराम महाराजांनी बांधवलेलं हे देऊळ. इथली महाराजांची मूर्ती बिनदाढीची आहे, डोक्यावर नावाड्याच्या टोपीसारखा टोप. माझी लेक तिथून हलेना. शाळेच्या पुस्तकातले महाराज असे नाहीत ना.

तेवढ्यात चाळीस मिनिटं गेली. राणीची वेळा कुठे आहे हे दाखवणारी ठळक पाटी मला तरी दिसली नाही, दोघांना विचारत विचारत धावतच गेलो. दिंडीतून खाली वाकून पाहिलं तर पुळण जवळजवळ नाहीशीच झालेली. भिंतीलगत वीतभर ओली वाळू, आणि प्रत्येक लाट थेट दगडावर. लेकीने चपला हातात घेतल्या होत्या, त्या तिने गुपचूप पुन्हा पायात घातल्या. परत धावत आलो तर होडीवाला आमच्यावरच तापलेला. सात मिनिटं उशीर झाला होता, चूक आमची होती, पण चारचौघांत लेकीसमोर तो जे बोलला ते मला अजून टोचतं. पर्यटक आहेत म्हणून कसंही बोलायचं, हे बंदरावर व्हायला नको.

घरी येऊन मी दिनदर्शिका काढली तेव्हा माझ्याच कपाळावर हात मारून घेतला. दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशोब कोळ्यांच्या पोरांनाही तोंडपाठ असतो आणि मी तो दरवर्षी वर्गात अपूर्णांक शिकवताना सांगते. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ऐन सव्वाअकराच्या सुमाराला, उधाणाच्या भरतीत, आम्ही पुळण बघायला गेलो होतो. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची, म्हणून अमावास्येलाही तेच. भरतीनंतर सहा तासांपेक्षा थोडं जास्त गेलं की पूर्ण ओहोटी. वेळ अर्धा-पाऊण तास पुढेमागे होते, पण बेत आखायला एवढं पुरतं.

आता सकाळी दहाच्या आसपास ओहोटी कधी मिळेल ते बघा. पंचमी! पाचाची पाऊणपट पावणेचार, त्यात सहा तास मिळवा, झाले पावणेदहा. अष्टमीला ओहोटी भर दुपारी पडते, शिवाय तेव्हा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट मंद भरती-ओहोटी असते, पाणी फारसं मागे सरतच नाही.

म्हणून दुसरी फेरी पौष वद्य पंचमीला. या वेळी संगमेश्वरची माझी मावशी सोबत होती, वय बाहत्तर. तिला नेऊ की नको, दोन दिवस माझं चाललं होतं, कारण होडीत चढणं-उतरणं हाच या सहलीतला खरा कठीण भाग. जेटी स्थिर, होडी हलती, मधे फूटभर अंतर कमीजास्त होत राहतं. या खेपेचा नावाडी मात्र सोन्यासारखा माणूस. त्याने मावशीला घाई केली नाही. एक पाय काठावर रोवून दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, "आजये, पाय हयसर ठेय. घाय करू नको, होडी खंय पळान जाणा नाय." मावशी बसली, जॅकेटचे बंद त्यानेच बांधून दिले. मी त्याला आधीच सांगितलं की आम्हाला दोन तास लागतील. तो म्हणाला, सकाळी गर्दी नाही, मागच्या होडीने या, मी सांगून ठेवतो. तर आधी विचारा. शनिवार-रविवारी आणि सुट्टीत हे जमणार नाही, आडवारी सकाळी जमतं.

या वेळी आम्ही देवळात न थांबता आधी वेळा गाठली. दरवाजापासून मावशीच्या चालीने पंधरा मिनिटं लागली. दिंडी ठेंगणी आहे, वाकावं लागतं, आणि आतल्या अंधारातून बाहेर आल्यावर डोळ्यांपुढे एकदम उजेड आणि पाणी. मावशी पायरीवरच थबकली. "अगो, ही तर आपल्या मागल्या दारासारखी," ती म्हणाली. मला त्याहून नेमकं वर्णन सुचत नाही. पुढच्या दारी तोफा, बुरूज, गोमुखी वळण, सगळा दरारा. आणि मागे हे. बायकांनी पाय मोकळे करायला यावं असं.

पाणी चांगलं मागे गेलं होतं. वाळू भरड, हातात घेतली तर निम्मी वाळू आणि निम्मा शिंपल्यांचा चुरा. ओहोटीने नुकत्याच सोडलेल्या पट्ट्यावर बारीक खेकड्यांची कामं चालली होती. बोटाच्या पेराएवढं बीळ, आणि भोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या. वाळूतलं खाणं गाळून घेऊन ते या गोळ्या टाकत जातात, बिळापासून सरळ रेघेत बाहेर, मग परत येऊन शेजारची रेघ. सूर्याची किरणं काढावीत तशी नक्षी होते. सावली पडली की सगळे आत. मी आणि लेक उकिडव्या बसून हलायचं नाही असं ठरवून बसलो, दोन-तीन मिनिटांनी एक एक करून बाहेर आले. पुढची भरती हे सगळं पुसून टाकणार आणि ते पुन्हा पहिल्यापासून काढणार.

खालून तट बघायलाही इथेच मिळतो. वर चालताना तो रस्ता वाटतो. इथे मान वर करून पाहिलं की तीसेक फूट काळा दगड अंगावर येतो. तळाला कालवं चिकटलेली, दगडांना खाऱ्या वाऱ्याने पडलेली भोकं. 25 नोव्हेंबर 1664 रोजी मालवणच्या किनाऱ्यावरच्या मोरयाचा धोंडा या खडकापाशी पूजन करून महाराजांनी कुरटे बेटावर या कामाला हात घातला. तेव्हापासून दिवसातून दोनदा भरती या पायाशी येते आहे. मावशीने ओला दगड तळहाताने दोनदा चाचपला, देवळाच्या उंबऱ्याला लावतात तसा हात कपाळाला लावला. मग पायरीवर बसून निऱ्या वर खोचल्या आणि पाय लांब केले. लाट येऊन टाचा भिजवून गेली की ती दर वेळी हसायची. अर्धा तास तिथून उठलीच नाही.

पोहायला मात्र उतरू नका. ताराराणींची गोष्ट ऐकून पोरांना हुरूप येतो, पण खाली खडक धारदार आहेत, कालवांनी पाय फाटतो आणि जीवरक्षक कुणी नाही. पाय भिजवा, पुरे. या पाण्यात पोवळी आहेत, किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून मालवण सागरी अभयारण्यात येतो, तेव्हा शिंपले पिशव्या भरभरून नेऊ नका. आणि बाटल्या! भिंतीच्या सांदीत मी आणि लेकीने अकरा मोजल्या, झाकणं वेगळी. जेवढ्या पिशवीत मावल्या तेवढ्या जेटीवर आणून टाकल्या. एवढ्याशा पुळणीवर अकरा बाटल्या पाहून पोटात कालवतं. भरतीने आणल्या असतील हे मी मानायला तयार आहे, पण दोन पायरीवर ठेवलेल्या होत्या.

परतताना विहिरी पाहिल्या. दूधविहीर, साखरविहीर, दहीविहीर. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत पाणी गोडं. किल्ल्यात अजून काही कुटुंबं राहतात, त्यांतल्या एका घराच्या पडवीत आम्ही कोकम सरबत घेतलं. आगळ घरचं, मीठ बेताचं, साखर कमी. बाजारातलं लालभडक पाणी नव्हे. मावशीने दुसरा पेला मागून घेतला.

स्वच्छतागृहाची सोय जेटीवर जाण्याआधीच उरकून घ्या, विशेषतः वयस्कर कुणी असेल तर. रबरी तळाच्या, मागे पट्टा असलेल्या चपला घाला, कारण खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि ते कोरडं दिसलं तरी निसरडं असतं. पावसाळ्यात होडी बंद, तेव्हा दिवाळी ते होळी एवढाच खरा हंगाम धरा. फाल्गुन वद्य पंचमी म्हणजे रंगपंचमी, त्या दिवशी मालवणात गर्दी असणार. आम्ही त्याआधीची माघ वद्य पंचमी ठरवली आहे, नऊच्या होडीने.