करडईच्या बाटलीत पामतेल: परभणीतल्या 'सभासदांच्या दुकाना'चा अनुभव

गावाकडच्या विषमुक्त मालाचं, सभासदांच्या पैशावर चालणारं दुकान तुमच्या शहरात निघत असेल, तर अनामत भरण्याआधी एवढं वाचा. परभणीत आमची कॉलनीच्या कॉलनी यात अडकली आहे. तक्रार चालू असल्यामुळे दुकानाचं नाव लिहीत नाही.

कल्पना चांगली होती, मला ती आजही पटते. घरटी ५,००० रुपये अनामत जमा करायची आणि त्या पैशातून जवळच्या गावांतून थेट माल उचलायचा. मध्ये आडत नाही, शेतकऱ्याला दोन पैसे जास्त. ज्वारी, तूरडाळ, वसमतची हळद, गूळ आणि लाकडी घाण्याचं करडई तेल. भिंतीवर शेतकऱ्यांचे फोटो, खाली गावाचं नाव. आम्ही बायकांनी एकमेकींना सांगून सभासद वाढवले.

तेल २८० रुपये लिटर होतं. घाण्यावर एक लिटर तेलाला तीन किलोच्या वर करडई लागते. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ५,९४० रुपये होता, म्हणजे बियाणालाच पावणेदोनशे-दोनशे रुपये गेले. वर घाण्याची मजुरी, बाटली, भाडं. दर अगदी बसत होता. स्वस्त असतं तर कुणालाही संशय आला असता. या लोकांनी दर मुद्दाम खऱ्या तेलाचा ठेवला होता.

जानेवारीच्या कडाक्यात एका सकाळी स्वयंपाकघरातली बाटली खालून अर्धी पांढरी झालेली दिसली. तूप थिजावं तशी रवाळ. सासूबाई जन्मभर करडईच्या तेलावर स्वयंपाक केलेल्या. त्यांनी बाटली आडवी करून पाहिली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "हे करडीचं नाही." दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "ताई, शुद्ध तेल थंडीत गोठतंच. तीच तर शुद्धतेची खूण आहे." खोबरेलाला लागू पडणारी गोष्ट करडईला चिकटवली होती. करडईचं तेल शून्याच्या बरंच खाली गेल्याशिवाय थिजत नाही. घाण्याच्या तेलात तळाशी थोडा गाळ बसतो, तो वेगळा. तो काळपट असतो आणि ऊन लागलं तरी विरघळत नाही. आमच्या बाटलीतला थर खिडकीत ठेवताच दुपारपर्यंत नाहीसा झाला. थंडीत असं थिजतं ते बहुतेक पामतेल.

मग फोटोतल्या एका शेतकऱ्याच्या गावी गेलो. त्या शेतकरी मामांनी पाणी दिलं, खाटेवर बसवलं आणि आमच्याकडची बाटली बराच वेळ उलटीपालटी करून पाहिली. "माझ्या नावानं विकायलेत व्हय? मी तर पहिल्या वर्षी तूर तेवढी दिली होती. तिचे निम्मे पैसे अजून यायचेत." करडई त्यांनी कधीच सोडून दिली होती, काटे टोचतात म्हणून काढणीला माणूस मिळत नाही, त्यापेक्षा हरभरा बरा. जाताना त्यांनी एक गोष्ट विचारली, ती आमच्या कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. "घाणा चालत असता तर तेल काढून उरलेली पेंड कुठं जायली? आमच्या पंचक्रोशीत कुणी त्यांची पेंड ढोरांना घातलेली नाही." या माणसाचा फोटो लावून त्याच्या घामावर दुसराच कुणी पैसे कमावत होता, याचा मला तेलापेक्षा जास्त राग आहे.

प्रमाणपत्राचंही सांगते. दुकानात फ्रेम करून लावलेलं सेंद्रिय प्रमाणपत्र खरं होतं. पण त्यावर पीक होतं हळद, आणि मुदत संपलेली. आम्ही काचेतून फक्त शिक्का पाहत होतो. असं प्रमाणपत्र ठरावीक शेताचं, ठरावीक पिकांचं असतं. सगळ्या दुकानाचं नसतं. तेल आणि डाळीबद्दल विचारलं की 'लहान शेतकऱ्याला सूट आहे' म्हणायचे. लहान शेतकरी स्वतः गिऱ्हाइकाला थेट विकतो तेव्हा सूट आहे, हे खरं. पण मोंढ्यातून, म्हणजे घाऊक बाजारातून, आणलेला माल स्वतःच्या पिशवीत भरून 'सेंद्रिय' म्हणून विकणाऱ्याला ती नाही. पाकिटावर सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह आणि एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक पाहा, आणि तो क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून कुणाच्या नावावर निघतो तेही पाहा.

तेल तपासून घ्यायचं असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे सामान्य गिऱ्हाइकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. मात्र विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. घरी उघडलेली अर्धी बाटली चालत नाही. दोष निघाला तर फी परत मिळते. आमच्यातल्या एकीने असंच सांगून बाटली मागितली, तर "आज स्टॉक नाही" म्हणाले, आणि त्या आठवड्यापासून तेल विकणंच बंद झालं.

अनामत मागायला गेलो तेव्हा पावती नीट वाचली. तोंडी सगळीकडे 'अनामत', छापील पावतीवर मात्र 'ऐच्छिक योगदान, परत मिळणार नाही'. बारीक अक्षरात, सहीच्या खाली. तुमच्याकडे अशी पावती आली तर पैसे देण्याआधीच 'परतीची अनामत' असं लिहून घ्या, आणि लिहून देत नसतील तर उठून या.

आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाण्याची तयारी चालू आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, पण २ वर्षांच्या आत जावं लागतं. त्याआधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. परभणीत ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी पावत्या, बिलं आणि दुकानाच्या ग्रुपवरचे मेसेज जपून ठेवा. ग्रुप ते कधीही बंद करतील, म्हणून स्क्रीनशॉट आजच काढा.