लाल दिवा ओळखणारा डॅशकॅम : तीन महिन्यांचा अनुभव

सेलू तालुक्यातील आमच्या गावाहून माझ्या दोन गाड्या रुग्णांना घेऊन सेवाग्रामला आणि नागपूरच्या मेडिकलला जातात. मागच्या दिवाळीच्या सुमारास त्यांतील एका गाडीवर सिग्नल तोडल्याचे ई-चालान आले. “पिवळा होता भाऊ, लाल दिव्यात मी गाडी काढलीच नाई,” असे चालक पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याचे म्हणणे पडताळण्यासाठी माझ्याजवळ काहीच नव्हते. दंड मी भरला. पण बारा वर्षे आपली गाडी सांभाळणाऱ्या माणसावर पुराव्याशिवाय संशय घेतला, ही गोष्ट मनाला लागून राहिली. म्हणूनच मार्चमध्ये एका गाडीला हा डॅशकॅम, म्हणजे पुढच्या काचेआतून रस्ता टिपणारा कॅमेरा, बसवून घेतला.

कॅमेरा ९,२०० रुपयांना पडला आणि सिग्नलभंग आपोआप शोधून देणाऱ्या सेवेचे महिन्याला ३०० रुपये वेगळे. हाच कॅमेरा बाजारात तीन-चार नावांनी मिळतो, त्यामुळे नावापेक्षा तो काय करतो हे सांगणे जास्त उपयोगाचे वाटते. गाडीने लाल दिव्यात थांबरेषा ओलांडली असे सॉफ्टवेअरला वाटले, की तेवढी दहा सेकंदांची क्लिप बाजूला निघून मालकाच्या मोबाइलवर येते. गावात रेंज नसली तर ती गाडी सेलूच्या आसपास आल्यावर पोहोचते.

दिव्याचा रंग ओळखण्याचे काम हे यंत्र माझ्या अपेक्षेपेक्षा चांगले करते, आणि ते काम सोपे नाही. सिग्नलच्या दिव्याचा व्यास ३० सेंटीमीटर धरला, तर १४० अंशांच्या भिंगातून पन्नास मीटरवरचा तो दिवा १,९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात जेमतेम पाच पिक्सेलांचा दिसतो. शिवाय एलईडीचे दिवे विजेच्या आवर्तनाबरोबर लुकलुकतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, पण उन्हात कॅमेऱ्याचे शटर क्षणभरच उघडत असल्याने काही फ्रेममध्ये, म्हणजे चित्रणातल्या सुट्या चित्रांत, दिवा चक्क विझलेला दिसतो. सॉफ्टवेअर एका फ्रेमवर विसंबत नाही, मागच्या-पुढच्या फ्रेम जोडून निर्णय घेते, हे क्लिप सावकाश चालवून पाहिल्यावर लक्षात आले. सकाळी पूर्वेकडे तोंड असलेल्या चौकात सूर्य थेट भिंगात येतो, तेव्हा मात्र ते चुकते. पुढच्या ट्रकच्या मागच्या लाल दिव्याला त्याने दोनदा सिग्नल समजले.

खरी अडचण आहे ती पांढऱ्या थांबरेषेची. गाडी चाळीसच्या वेगात असेल तर ती सेकंदाला अकरा मीटर जाते आणि या कॅमेऱ्याचा जीपीएस सेकंदातून एकदाच जागा नोंदवतो. म्हणजे गाडी रेषेच्या अलीकडे होती की पलीकडे, हे जीपीएसवरून कळणे शक्यच नाही. चित्रावरून ठरवावे, तर कॅमेरा काचेच्या आत असल्याने बोनेटपुढचा काही मीटर रस्ता त्याला दिसतच नाही. चाक रेषेवर येण्याआधीच रेषा बोनेटखाली गडप होते आणि त्यापुढचा हिशेब सॉफ्टवेअर वेगावरून अंदाजाने मांडते. एप्रिलमधली एक क्लिप मी फ्रेम पुढे-मागे करून वीसेक वेळा पाहिली. रेषा बोनेटच्या कडेशी नाहीशी झाली तेव्हा दिवा पिवळा होता आणि त्यानंतर नवव्या फ्रेमला तो लाल झाला. तीस फ्रेमच्या सेकंदात नऊ फ्रेम म्हणजे तीन दशांश सेकंद. तेवढ्या वेळात त्या वेगाची गाडी सव्वातीन मीटर पुढे जाते आणि ती नेमकी रेषेवरच येते. यंत्राने तो सिग्नलभंग ठरवला होता. मी ठरवला नाही. अशी क्लिप न पाहता कोणी चालकाचा पगार कापत असेल, तर तो अन्याय आहे.

तीन महिन्यांत अशा २३ क्लिप आल्या. मी आणि चालकाने सोबत बसून पाहिल्यावर त्यांपैकी नऊच खऱ्या ठरल्या. काही ठिकाणी डावीकडे वळायला लाल दिव्यातही मुभा होती, तर दोन वेळा चौकातला हवालदार स्वतः हात दाखवून गाडी पुढे घ्यायला सांगत होता. हवालदाराचा हात या सॉफ्टवेअरला अजिबात समजत नाही. मात्र त्या नऊ क्लिपमधल्या तीन चालकालाही आठवत नव्हत्या, आणि आपण घाईत काय करतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तो गंभीर झाला. गाडीत आजारी माणूस असताना हे कळणे मला फार मोलाचे वाटते.

कायद्याचेही पाहावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा ओलांडणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडते आणि पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ मध्ये डॅशबोर्डवरचा कॅमेराही चालानच्या साधनांत धरला आहे. पण त्यासाठी राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाचे मान्यता प्रमाणपत्र लागते. त्यामुळे आपल्या गाडीतला खासगी कॅमेरा कोणावर चालान फाडू शकत नाही, विक्रेत्याने काहीही सांगितले तरी. याच नियमानुसार गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांपर्यंत येऊ शकते. ६४ जीबीच्या कार्डावर साधारण नऊ-दहा तासांचेच चित्रण राहते आणि मग जुन्यावर नवे चढते; म्हणून बाजूला काढलेली क्लिप सेवेच्या सर्व्हरवर नव्वद दिवस राहते, ही तिची मला सर्वांत उपयोगी बाजू वाटली. ज्या प्रसंगाची क्लिप यंत्राने काढलीच नाही, तो मात्र हातचा जातो.

विदर्भात घ्यायचा असेल, तर आत बॅटरी नसून सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा, उष्णता जास्त सोसणारा भाग) आहे ना, हे आधी विचारावे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची काच हात लावू देत नाही, आणि अशा उष्णतेत लिथियमची बॅटरी फुगते. माझा कॅमेरा मेअखेरपर्यंत एकदाही बंद पडला नाही. रुग्णांचे बोलणे रेकॉर्ड होऊ नये म्हणून त्याचा माइक मी पहिल्याच दिवशी बंद केला.

या गाडीची सेवा मी आणखी वर्षभरासाठी घेतली आहे. दुसऱ्या गाडीला कॅमेरा बसवण्याआधी दहाऐवजी तीस सेकंदांची क्लिप देण्याची मागणी कंपनीकडे केली आहे. दिवा पिवळा कधी झाला हे दिसल्याशिवाय चालकाची बाजू पूर्ण कळत नाही.