मीटर ओसरीत की बाहेरच्या भिंतीवर?

पुतण्याचं घरकुल स्लॅबपर्यंत आलं तसं त्यानं विचारलं, "काका, मीटर आत घेऊ का भायेर?" उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला, कारण मी दोन्ही भोगलंय. अकरा वर्षं ओसरीत आणि गेली चार वर्षं रस्त्याकडच्या भिंतीवर, छज्ज्याखाली. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, घर अर्धं कवेलूचं, अर्धं टिनाचं.

आत मीटर असण्याचं सुख खरं आहे. ऊन नाही, पाऊस नाही, पोरांचा चेंडू नाही, म्हशीनं पाठ घासायची भीती नाही. चहा पिता पिता आकडा दिसतो. कूलर लावला की लाल दिवा कसा भराभर उघडझाप करतो, ते आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक होतं.

माझं बिनसलं ते बिलावरून. आमच्याकडं रीडिंग घेणारा पोरगा सकाळी अकराच्या सुमारास यायचा. सोयाबीनच्या सवंगणीपासून कापसाच्या शेवटच्या वेच्यापर्यंत त्या वेळेला घरात कोण असतं? सगळे वावरात. आई असायची, पण अनोळखी पोराला ओसरीत पाय ठेवू द्यायचा नाही हा तिचा नेम. तिनं त्याला दारातूनच परत धाडलं, की बिलावर 'लॉक' आणि आकडा सरासरीचा. ती सरासरी आधीच्या महिन्यांवरून काढलेली, त्यात एप्रिल-मेचा कूलर. म्हणजे ऑक्टोबरात आम्ही वैशाखाचं बिल भरायचो. एकदा उलटं झालं. तीन महिन्यांचं खरं रीडिंग एकाच बिलात आलं. घरगुती दरात 100 युनिटच्या आत एक भाव आणि वर दुसरा, त्यामुळं ते वापरानुसार महिन्या-महिन्यात वाटून घ्यावं लागतं. ते वाटून घ्यायला ऐन वेच्याच्या दिवसांत दोनदा तालुक्याला गेलो. काम झालं, पण दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं कोणत्या बिलात धरायचं?

खरं तर निर्णय दुसऱ्याच गोष्टीवरून व्हायला हवा होता. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर आमच्या टिनाच्या पन्हाळीवरून आत शिरायची आणि लाकडी फाट्याला बांधत बांधत ओसरीपर्यंत यायची. मीटरच्या अलीकडचा तो वीस-पंचवीस फुटांचा तुकडा. घरातला मेन स्विच पाडला तरी तो जिवंतच राहतो. एका पावसाळ्यात टिनाच्या कडेवर घासून त्याचं आवरण सोललं आणि ठिणग्या उडाल्या. मी मेन बंद करून उभा, आणि ठिणग्या चालूच. लाइनमननं येऊन खांबावरून वायर सोडली तेव्हा कुठं जीव खाली पडला. मीटर बाहेरच्या भिंतीवर असला की हा तुकडा घराबाहेरच संपतो, आत येतं ते एमसीबीच्या, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या, ताब्यातलं. एवढं डोळ्यांनी बघूनही मी अर्ज केला तो बिलाच्या वैतागानं, हे कबूल करतो.

कायद्याच्या बाजूनं थोडं. मीटर बसवण्याबाबत केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2006 चे नियम आहेत. त्यांच्याप्रमाणं आवारातल्या मीटरची काळजी होईल तितकी ग्राहकानं घ्यायची, आवाराबाहेरच्या मीटरची जबाबदारी कंपनीची. यात लोक फसतात. भिंतीच्या बाहेर म्हणजे आवाराच्या बाहेर नव्हे. माझा मीटर आजही माझ्याच अंगणात आहे, म्हणजे सांभाळायचा मीच. खांबावर असेल तर तो कंपनीचा, आणि आपण मागणी केली तर वापर दाखवणारा डिस्प्ले घरात मिळायला हवा, पण बिल मीटरच्याच आकड्यावर. खांबाचा पर्याय मी मात्र मनातून काढला. आमच्याकडं वानरांची टोळी तारांवरूनच ये-जा करते.

आणि मीटर हलवायचा तर अर्ज करूनच. गावातला वायरमन "पाचशे द्या, दुपारून करून देतो" म्हणेल. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 138 प्रमाणं परवानगीशिवाय मीटर जोडणं-सोडवणं हाच गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सील तुटलेलं सापडलं तर चोरीचं कलम 135 वेगळं. मग आकडा न टाकताही आकडेवाल्यांच्या रांगेत उभं राहावं लागतं. मी पैसे भरले, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडला, कंपनीच्या माणसानं मीटर हलवला तेव्हा जुन्या रीडिंगचा आणि नव्या सीलच्या नंबराचा फोटो काढून ठेवला. तो फोटो अजून मोबाइलमध्ये आहे.

बाहेरचे तोटेही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. मावळतीकडची भिंत घेऊ नका. आमच्या शेजाऱ्यानं घेतली, मे महिन्यात दुपारी डिस्प्लेवर काही दिसत नाही. पूर्व किंवा उत्तर, वर छज्जा, आणि डिस्प्ले उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. पेटीला कुलूप लावलं तर पुन्हा ओसरीचाच प्रकार.

मीटर कुठंही लावा, पत्र्याच्या कूलरचा झटका त्यानं थांबत नाही. त्याला 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, आणि नीट अर्थिंग हवं. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आणि नेमके तेच कूलरचे दिवस. संध्याकाळी अंगणात सडा मारताना दोन तांबे त्या खड्ड्यातही ओततो.

तुमच्या गावात स्मार्ट मीटर लागले असतील तर रीडिंग आपोआप जातं, माझं अर्धं गाऱ्हाणं तिथंच गळतं. घर पक्कं असेल, वायर पाइपातून येत असेल आणि घरात दिवसा कुणी असेल, तर आतला मीटरही वाईट नाही. पुतण्याला मी एवढंच म्हटलं, तुझी बायको अंगणवाडीत, तू वावरात, मग बाहेरच बघ.

यंदा माझ्या पेटीच्या खालच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांनी घर केलंय. रीडिंगवाला पोरगा हात लांब करून, तोंड फिरवून फोटो काढतो. आई ओट्यावरून त्याला म्हणते, "सांभायजो रे बाप्पा," पण घरात काही घेत नाही.