लेबल तेराव्या शतकाचं, शिरस्त्राण चौदाव्याचं: आठ महिन्यांचा अनुभव

हे शिरस्त्राण ऑनलाइन घेतलं तेव्हा जाहिरातीत ‘तेराव्या शतकातील क्रुसेडर नाइटचं बॅसिनेट’ असं लिहिलं होतं. बॅसिनेट म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या सैनिकांचं धातूचं शिरस्त्राण. किंमत १५० पौंड, घडवलेलं भारतात. इंग्लंडमधला आमचा गट जुन्या लढाया हौसेने पुन्हा सादर करतो, त्यात आम्ही १३८५च्या आसपासचे सैनिक उभे करतो. शतक चुकलंय हे मला घेतानाही दिसत होतं. किती चुकलंय ते वापरून कळलं.

पहिल्या शिबिरात पोशाख तपासणाऱ्या बाईंनी लेबल वाचलंच नाही. आधी माथ्याचं टोक कुठे आहे ते पाहिलं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची बॅसिनेट बरीचशी गोलसर असतात. शतक संपत येतं तसं टोक मागे सरकतं आणि मागची बाजू जवळजवळ सरळ खाली उतरते. माझं असंच आहे. मग चेहऱ्यावरची झडप. लांब चोचीसारखी, जिला हाउंस्कल म्हणतात, ती १३८०च्या आगेमागे दिसू लागते. दोन्ही कानशिलांवर पिना आहेत, त्या काढल्या की झडप सुटते. जर्मन मुलखातल्या क्लॅपव्हायझरसारखी कपाळावर एकच बिजागरी नाही. तेराव्या शतकात चेहरा झाकायचा तर डोक्यावर सपाट माथ्याचा डबाच असायचा, ग्रेट हेल्म. म्हणजे विक्रेता शंभर वर्षं चुकला, आणि नेमका माझ्या फायद्याचा चुकला.

इथवर ठीक. रडगाणं मानेपासून सुरू होतं. मानेवरची कड्यांची झालर चामड्याच्या पट्टीला शिवलेली हवी. त्या पट्टीच्या भोकांतून शिरस्त्राणावरच्या छोट्या नळ्या बाहेर येतात, आणि नळ्यांतून दोरी ओवली की झालर बसते. या नळ्यांना व्हर्व्हेल म्हणतात. माझ्याकडे पत्र्याला भोकं पाडून कड्या थेट अडकवल्या होत्या. त्याही रिव्हेट न मारलेल्या, नुसती टोकं जुळवलेल्या. प्रत्येक झुंजीनंतर गवतात कड्या वेचत बसायचो. शेवटी रिव्हेटवाली झालर घेतली, ती शिरस्त्राणापेक्षा महाग पडली! आत बांधकामावरच्या हेल्मेटसारखे चामड्याचे पट्टे होते. ते काढले, कडेने बारीक भोकं पाडली आणि तागाच्या कापडाचं भरीव अस्तर शिवलं. आता चार तास डोक्यावर राहतं. मधोमध वेल्डिंगची रेघ मात्र तिरप्या उन्हात दिसते. मूळ बॅसिनेट एकाच पत्र्यातून ठोकून काढत, माझं दोन अर्धकं जोडून केलंय.

लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात अशाच चोचीचं अस्सल बॅसिनेट आहे. विकत घेण्याआधी तिथे जायला हवं होतं. कँटरबरीला ब्लॅक प्रिन्सच्या (इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड) थडग्यावरच्या मूर्तीवरही बॅसिनेट आणि झालर दिसते. तो १३७६ला वारला. थडग्यावरचं साल लेबलपेक्षा भरवशाचं, पण मूर्ती कधी कधी मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी घडवतात, एवढं ध्यानात ठेवायचं.

गंजाचं म्हणाल, तर आईच्या सल्ल्याने खोबरेल लावलं. इथल्या थंडीत ते गोठून पांढरे डाग पडले. आता मशीनचं तेल लावतो.

झडप खाली घेतली की दिसतं फटीएवढं, आणि स्वतःचाच श्वास तोंडावर येतो. हा दोष मालाचा नाही.

पाचापैकी तीन तारे, तेही १३८०–१४१०च्या गटांसाठीच. अझिंकूरची (इंग्रज-फ्रेंचांची १४१५ची) लढाई सादर करणारा एक मित्र हे घ्यावं का विचारत होता. १४१५ला कुणाच्या डोक्यावर हे जुनं बॅसिनेट असू शकतं, पण तोवर श्रीमंत सरदारांच्या मानेवर कड्यांच्या जागी पत्रा आला होता. त्याला धनुर्धर व्हायचं असेल, तर घ्यावं आणि झडप घरी ठेवावी.