बारा वर्षांनी पुन्हा खारे पाणी: पुण्यातील एका मत्स्यालय-कार्यशाळेच्या कामाचे परीक्षण

दादरच्या घरात २००९ ते २०१३ अशी चार वर्षे मी तीन फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळली होती. पुण्याला बदली झाली तेव्हा ती एका मित्राच्या हवाली केली आणि त्यानंतर बारा वर्षे घरात साधा गप्पीसुद्धा पोहला नाही. या वर्षी मात्र कर्वेनगरच्या दुसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी बसवून घेतली. काच, लोखंडी स्टँड, खालचा संप (वरच्या टाकीतून उतरणारे पाणी घेणारी दुसरी छोटी टाकी) आणि सर्व नळजोडणी असे काम ज्या कार्यशाळेने केले, तिचे हे परीक्षण आहे. कार्यशाळेचे नाव मी देत नाही, कारण माझ्या तक्रारींपैकी निम्म्या त्यांनी नंतर दूर केल्या आणि उरलेल्या निम्म्या या धंद्यात बहुतेक सगळीकडेच ऐकू येतात. एकूण कामाचे साधारण ९५ हजार रुपये झाले. यंत्रे, मीठ आणि मासे यांचा खर्च वेगळा.

मापे घ्यायला आलेल्या माणसाने खोलीतील प्लग, खिडकी आणि सोफ्याची जागा पाहिली, पण जमिनीविषयी एक शब्दही विचारला नाही, ही माझी पहिली नाराजी. या मापाच्या टाकीचे घनफळ सुमारे ५६६ लिटर भरते. त्यात पाणी, बारा मिलिमीटर काचेचे शंभरेक किलो, खडक, स्टँड आणि भरलेला संप असे सगळे धरले तर वजन साडेआठशे किलोच्या आसपास जाते आणि ते जेमतेम दहा चौरस फुटांवर उभे राहते. राहत्या घरांच्या स्लॅबची रचना करताना वापराचा भार दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो इतकाच धरलेला असतो. याचा अर्थ टाकी ठेवताच स्लॅब कोसळतो असा नव्हे, परंतु ती खोलीच्या मध्यभागी ठेवायची की भिंतीलगत बीमच्या आधाराने ठेवायची, हा निर्णय सजावटीचा उरत नाही. मी सोसायटीकडून इमारतीचे नकाशे मागवून एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवले आणि त्यांनी आखून दिलेल्या जागीच टाकी ठेवली. कार्यशाळेने हा प्रश्न आपण होऊन विचारायला हवा होता.

काचकामाविषयी मात्र तक्रारीला जागा नाही. सिलिकॉनच्या सांध्यात एकही बुडबुडा दिसत नाही, वरच्या काठाला आतून चारही बाजूंनी काचेच्या पट्ट्या दिलेल्या आहेत, आणि स्टँड चौकोनी लोखंडी पाइपचा असून त्यावर पावडर कोटिंग केलेले आहे, जे खाऱ्या हवेत साध्या रंगापेक्षा कितीतरी जास्त टिकते. बसवताना मोठ्या मिस्त्रींनी स्पिरिट लेव्हलवर भरवसा न ठेवता गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून स्टँडचे चारही कोपरे पाहिले, एका पायाखाली पत्र्याची पट्टी सारली आणि मगच थर्मोकोल अंथरून टाकी चढवली. तीन आठवडे सांगून पाच आठवडे लावले, तरी हे काम पाहून तो विलंब मी सोडून दिला.

नळजोडणीत मात्र एक चूक झाली आणि ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. टाकीतील पाणी काठावरून खालच्या संपमध्ये उतरते आणि पंप ते पुन्हा वर ढकलतो. वीज गेली की पंप थांबतो, परंतु वर येणाऱ्या नळीचे तोंड पाण्यात बुडलेले असेल तर तीच नळी उलट दिशेने वाहू लागते आणि तोंड उघडे पडेपर्यंत टाकीतील पाणी खाली ओढत राहते. माझ्या टाकीची पातळी एक सेंटिमीटरने उतरली म्हणजे नऊ लिटरांहून थोडे जास्त पाणी संपमध्ये येते. यांनी नळीचे तोंड पृष्ठभागाखाली सात सेंटिमीटर बसवले होते, म्हणजे सुमारे ६५ लिटर पाणी खाली येणार होते, आणि संपमध्ये मोकळी जागा होती जेमतेम ४० लिटरांची. नशिबाने चाचणी साध्या पाण्यावर चालली होती. मी मुद्दाम बटण बंद केले आणि दहा मिनिटांत दिवाणखान्यात फडकी घेऊन सगळे घर धावले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोबदला न घेता तोंड दोन सेंटिमीटरवर आणले आणि नळीला पाण्याच्या रेषेलगत एक बारीक भोक पाडून दिले, ज्यातून हवा शिरली की उलटा प्रवाह तुटतो. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवण्याचा त्यांचा पहिला प्रस्ताव मी नाकारला, कारण त्याच्या झडपेत गोगलगाय किंवा मिठाचा कण अडकला की तो नेमका हवा तेव्हा बंद होत नाही. काम ताब्यात घेण्यापूर्वी घरात माणसे असताना वीज बंद करून पाहण्याची अट प्रत्येकाने घालावी.

चिलरच्या बाबतीतही मला हट्ट धरावा लागला. त्यांना तो स्टँडच्या कपाटात झाकून ठेवायचा होता. चिलर पाण्यातील उष्णता काढून बाहेरच्या हवेत टाकतो, तेव्हा बंद कपाटात तो स्वतःच तापवलेल्या हवेशी झुंजत बसतो. अर्ध्या अश्वशक्तीचे माझे यंत्र आता ड्राय बाल्कनीत आहे आणि एप्रिलच्या दुपारीही पाणी २६ अंशांवर राहिले. पूर्वी मेटल हॅलाइड दिव्यांच्या उष्णतेने माझी टाकी उन्हाळ्यात उकडत असे. एलईडी दिव्यांनी हा जाच बराच कमी केला आहे, आणि बारा वर्षांतील सगळ्यांत मोठा फरक मला तोच जाणवला.

दादरला असताना मी ओळखीच्या बोटीवरून अलिबागच्या बाजूचे पाणी कॅनमध्ये भरून आणत असे. पावसाळ्यात नद्यांचे पाणी मिसळून किनाऱ्याजवळची क्षारता घसरते, म्हणून ते चार महिने जीव टांगणीला लागलेला असे. पुण्यात तो पर्यायच नाही. येथे आरओ (पडद्यातून गाळणे) आणि डीआय (राळेतून उरलेले क्षार काढणे) अशा दोन्ही टप्प्यांतून गाळलेल्या पाण्यात मीठ कालवावे लागते. खडकवासल्याचे पाणी मृदू असल्याने गाळणीवर फारसा ताण येत नाही, परंतु मे महिन्यात सोसायटीत बोअरच्या पाण्याचे टँकर सुरू झाले आणि डीआय राळेचा रंग दोन आठवड्यांत पालटला. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम या हिशेबाने संपासह ६०० लिटर पाण्याला २२ किलोंची एक बादली जेमतेम पुरली. क्षारता मोजताना कार्यशाळेच्या मुलाने रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्याला जुळवून ३५ (हजार भागांत ३५ भाग क्षार) असा आकडा दाखवला. मी ३५ च्या प्रमाणित द्रावणावर तेच उपकरण जुळवून पाहिले तेव्हा खरा आकडा ३३ निघाला. मासे एवढ्याने मरत नाहीत, पण जी मोजणी आपण वर्षानुवर्षे करणार ती पहिल्याच दिवशी चुकीच्या पायावर उभी राहते.

माझा खरा मतभेद झाला तो घाईवरून. टाकी भरल्यानंतर दहाव्या दिवशी त्यांचा फोन आला, की चार डॅमसेल (काटक छोटे मासे) सोडा, टाकी लवकर तयार होईल. ही जुनी रीत मला चांगलीच ठाऊक आहे. २००९ साली अशाच सल्ल्याने सोडलेल्या एका निळ्या डॅमसेलने चार वर्षे टाकीवर पाटीलकी केली होती. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू खडकावर वसायला वेळ लागतो, आणि त्यांना लागणारा अमोनिया अमोनियम क्लोराइडच्या थेंबांतूनही देता येतो. त्यासाठी माशाला विषात पोहायला लावण्याची गरज नाही. माझ्या टाकीत नायट्राइट चौतिसाव्या दिवशी शून्यावर आले. या लोकांकडून काच जरूर घ्यावी, पंचांग घेऊ नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. “प्रवाळाचा जिवंत खडक हवा असेल तर सांगा, सोय होते,” असे त्यांनी हळू आवाजात सुचवले. जिवंत खडक म्हणजे समुद्रातून काढलेला, जीव वसलेला तुकडा. पूर्वी असे तुकडे दुकानांत उघडपणे मिळत आणि मीही ते घेतले होते. ते कायद्यात बसत नाहीत, हे तेव्हा मला माहीत नव्हते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालीच समुद्रघोडे आणि कठीण प्रवाळ घातले गेले आहेत. तेव्हा समुद्रातून खरवडलेला तुकडा घरात ठेवणे हा हौसेचा नव्हे, गुन्ह्याचा विषय आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्स कराराच्या (दुर्मीळ जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या) सूचीतील परदेशी जीव बाळगण्यासाठीही नोंदणी लागते. मी कृत्रिम कोरडा खडक मागवला. त्याची किंमत अशी, की पहिले दोन महिने सगळे तपकिरी शेवाळाने माखते आणि पाहुणे शंका घेतात.

मासे मी दुसरीकडून, पैदास केलेलेच घेतले. क्लाउनफिशची पैदास करण्याचे तंत्र आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही विकसित केले आहे, त्यामुळे हे मासे समुद्रातून पकडून आणण्याचे कारण उरलेले नाही. एक जोडी महिनाभर वेगळ्या साठ लिटरांच्या टाकीत ठेवून, अंगावर पांढरे ठिपके नाहीत याची खात्री करून मगच मोठ्या टाकीत सोडली. जोडीतला मोठा मासा आता मादी झाला आहे. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात आणि वरचढ ठरेल तो पुढे मादी होतो.

कार्यशाळेने शेवटी वार्षिक देखभालीचा करार पुढे केला, पंधरवड्याला एक माणूस येऊन साठ लिटर पाणी बदलून जाईल असा. तो मी घेतला नाही. रविवारी सकाळी बादलीत मीठ कालवत बसण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप केला आहे. गळतीची हमी मात्र त्यांच्याकडून तीन वर्षांसाठी कागदावर लिहून घेतली आहे, आणि त्यासाठी त्यांनी जराही खळखळ केली नाही.