३८ हजारांची हार्डटेल, ९ महिने, २,३०० किलोमीटर: डबल शॉकर का नाही घेतली

दिवाळीच्या आधी सायकल घेतली, आता श्रावण सुरू झालाय. मी गोरेगाव पूर्वेला राहते, तिसरा मजला, बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि माझं वजन ५४ किलो. हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे जे लिहिणारे त्यातलं निम्मं या तीन गोष्टींवर अवलंबून आहे. चालवणं म्हणाल तर आठवड्यात तीन-चार दिवस सकाळी आरे, रविवारी बोरिवली नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत, दोनदा ठाण्याचं येऊर, आणि एकदा वर्सोव्याच्या फेरी बोटीने मढला उतरून गोराईपर्यंत.

हार्डटेल म्हणजे फक्त पुढे शॉकअप, मागे सरळ फ्रेम. फुल सस्पेन्शन म्हणजे मागेही शॉकअप, ज्याला आपल्याकडे दुकानात सगळे डबल शॉकर म्हणतात. माझं बजेट ४० हजार होतं आणि या पैशात दोन्ही मिळत होत्या, दुकानदार तर डबल शॉकरच काढून दाखवत होता, दिसायलाही ती एकदम दणकट दिसते. पण मी दीड वर्ष दादाची डबल शॉकर चालवली होती, १६ हजारांची, त्यामुळे त्या वाटेला परत जायचं नाही हे नक्की होतं.

त्या सायकलचं काय झालं ते सांगते. सामानाच्या काट्याला लटकवली तर १९ किलो भरली. रोज तिसऱ्या मजल्यावर १९ किलो नेऊन बघा, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मागचं चाक कठड्यावर आपटायचंच. चढावर तर जीव जायचा, कारण मागे नुसती स्प्रिंग होती, आत तेलाचं डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी आवरणारी सोय) वगैरे काही नाही, त्यामुळे आपण पेडल दाबलं की आधी सीटच खाली जायची आणि मग वर उडायची, पायातला जोर चाकापर्यंत पोचायचाच नाही. स्प्रिंग पूर्ण आवळली की उडणं कमी व्हायचं, पण मग सस्पेन्शनच उरत नाही, नुसतं वजन वाहायचं. आणि पहिल्याच पावसाळ्यात मागच्या जोडाचे बुश गेले, प्लास्टिकचे होते. मागचं चाक हातात धरून हलवलं तर अख्खा मागचा भाग बोटभर डावी-उजवीकडे हलायचा, रस्त्यावर वळताना मागून कोणीतरी ढकलतंय असं वाटायचं. आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिक चाचांनी खोलून बघितलं आणि म्हणाले, बेटी इसका पार्ट नहीं आता. त्याच सुमारास मागचा ॲक्सल (चाकाचा दांडा) पण वाकला, ७ स्पीडच्या फ्रीव्हीलला, म्हणजे चाकावर आट्यांनी फिरवून बसवलेल्या जुन्या पद्धतीच्या गिअरचक्रांना, तसं होतंच, कारण त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग खूप आत असतं आणि बाहेर राहिलेल्या ॲक्सलवर सगळा भार येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ४० हजारात कंपनीकडे पैसे तेवढेच असतात. मागे शॉकअप बसवला, त्याचे जोड, बेअरिंग, जास्तीचं वेल्डिंग केलं, की तो पैसा ब्रेक, हब (चाकाचा मधला भाग) आणि पुढच्या फोर्कमधून, म्हणजे पुढच्या शॉकअपमधून, कापला जातो. मी घेतलेल्या हार्डटेलमध्ये ३८,५०० ला हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक, ९ स्पीडची खरी कॅसेट (हबवर सरकवून बसवायची गिअरचक्रं, फ्रीव्हील नाही), २९ इंची चाकं आणि १०० मिमीचा स्प्रिंगचा फोर्क मिळाला, वजन १४ किलोच्या आसपास. त्याच दुकानात त्याच किमतीची डबल शॉकर होती, तिला केबलचे डिस्क आणि ७ स्पीड फ्रीव्हील होतं.

ऑफिसमधला एक मित्र मला सारखा सांगायचा की आता ऑलिम्पिकमध्येही फुल सस्पेन्शनच चालवतात. ते खरंय. १९९६ ला अटलांटात माउंटन बाइकिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हा बहुतेक सगळे हार्डटेलवर होते आणि २०१६ ला रिओत निनो शुर्टरने फुल सस्पेन्शनवर सोनं घेतलं. पण त्या रेसच्या सायकली माझ्या हार्डटेलपेक्षाही हलक्या असतात आणि किमतीत आपल्याकडे मोटरसायकल येते, कधीकधी दोन. दादाच्या सायकलशी त्यांचं नातं फक्त नावापुरतं आहे.

आता मागे शॉकअप नाही म्हणजे सगळे दणके पाठीला बसतात का, तर पहिले दोन आठवडे बसले. दुकानातून टायरमध्ये ४५ पीएसआय हवा भरून दिली होती, पेव्हर ब्लॉकवरून गेलं की दात वाजायचे. मग हवा हळूहळू कमी करत गेले. टायर २.२५ इंची आहेत, त्यामुळे माझ्या वजनाला पुढे २५ आणि मागे २८ अगदी बरोबर बसतं, आरेच्या मेन रोडवरून आत पाड्याकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर फरक लगेच कळतो. मध्ये मागे २२ पण करून बघितलं, तर एका दगडावर रिम आपटली आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडली, साप चावल्यासारखी. असं दोनदा झालं, तेव्हापासून २८ च्या खाली जात नाही. दीड हजारांचा मीटरवाला फ्लोअर पंप घेतला, आणि खरं सांगते, या सायकलवर खर्च केलेले सगळ्यात कामाचे पैसे तेच. दुसरं म्हणजे खड्डा दिसला की सीटवरून दोन इंच उठायचं आणि गुडघे सैल सोडायचे, आता ते आपोआप होतं.

पावसाबद्दल सविस्तर लिहिते कारण मुंबईत खरी परीक्षा तिथेच होते. जूनमध्ये आरेत तबेल्यांच्या बाजूने जाताना चिखल आणि शेण रस्त्यावर आलेलं असतं, ते सगळं डिस्कवर उडतं. रेझिनचे ब्रेक पॅड सात आठवड्यांत संपले, एक दिवस उतारावर मागच्या ब्रेकमधून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तेव्हा कळलं. मेटलचे पॅड टाकायला गेले तर चाचांनी आधी रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, पुसून वाचायला लावला, काही स्वस्त रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरा असं कोरलेलं असतं, माझ्यावर होतं. म्हणून रोटरसकट बदलले, १,९०० गेले, पण ओल्या उतारावर आता दोन बोटांत सायकल थांबते. चेन प्रत्येक भिजल्यावर फडक्याने पुसून वेट ल्यूब (पावसाळ्यात वापरायचं चेनचं तेल) लावते, तरी मढहून आल्यावर एक रात्र तशीच ठेवली तर सकाळी कड्यांवर तांबूस थर होता, खारी हवा थांबत नाही. हे सगळं करताना मनात यायचं की मागे चार जोड आणि आठ बेअरिंग असती तर त्यांचंही हेच करत बसावं लागलं असतं.

चांगली फुल सस्पेन्शन काय असते हेही मी बघितलंय, म्हणून एकतर्फी लिहीत नाहीये. ऑफिसमधल्या त्याच मित्राने येऊरला त्याची सव्वादोन लाखांची सायकल एक तास दिली. जिथे माझी हार्डटेल दगडांवर उड्या मारत उतरते आणि पाय पेडलवरून सुटतात तिथे तिचं मागचं चाक जमिनीला चिकटून राहिलं, मी ब्रेक न लावता उतरले, माझा विश्वासच बसेना. रोज तसे उतार चालवणार असाल आणि तेवढे पैसे असतील तर ती घ्याच, फक्त मागच्या शॉकअपची सीलं आणि जोडांची बेअरिंग दरवर्षी बदलायचा खर्च धरा. पण आरे आणि कान्हेरीला ती नव्वद टक्के वेळ शॉकअप लॉक करूनच, म्हणजे दबू न देता, चालवावी लागेल. कान्हेरीचा शेवटचा चढ मी माझ्या सायकलवर पुढचा फोर्क लॉक करून न उतरता चढते, दादाच्या सायकलवर मला ते एकदाही जमलं नव्हतं.

माझ्या सायकलची खरी तक्रार पुढच्या फोर्कची आहे. स्प्रिंग बहुतेक ७०-७५ किलोच्या माणसाच्या हिशोबाने घातलेली असावी. मी फोर्कच्या चकचकीत नळीवर एक झिप टाय बांधला, फोर्क जेवढा दबतो तेवढा तो वर सरकतो आणि तिथेच राहतो. कितीही आदळआपट केली तरी तो ५८ मिमीच्या वर कधी गेलाच नाही, म्हणजे १०० मिमीचे पैसे देऊन मला निम्म्याहून थोडं जास्त मिळत होतं. वरचा नॉब पूर्ण सैल करूनही काही होत नाही, नॉबने स्प्रिंग मऊ होत नाही, फक्त सुरुवातीचा ताण कमी होतो. हलक्या वजनाच्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, हे दुकानातच झिप टाय बांधून बघा, लाज वाटू देऊ नका.

घेताना एक गोष्ट बरोबर केली होती, ती म्हणजे फ्रेमची हेडट्यूब (फोर्क जिच्यात बसतो ती पुढची नळी) टेपर्ड, म्हणजे खाली जास्त रुंद, असलेली निवडली, दोन हजार जास्त देऊन. त्यामुळे हल्लीचे चांगले फोर्क तिला सरळ बसतात. गेल्या महिन्यात साडेबारा हजारांचा एअर फोर्क घेतला, यात स्प्रिंगऐवजी हवा असते आणि शॉक पंपने आपल्या वजनाप्रमाणे भरता येते, नुसतं सायकलवर बसल्यावर १०० पैकी २०-२५ मिमी दबला पाहिजे. तीन सकाळी पंप पाठीवर घेऊन फिरले, थोडी हवा सोडायची, परत तीच वाट, परत बघायचं. परवा आरेतून घरी आल्यावर जिन्याखालीच पट्टी लावली, झिप टाय ८४ मिमीवर होता.