इंजिन ऐकलं, पट्टा नाही ओढला

हे लिहायला लाज वाटते, ते आधीच सांगून टाकतो. वय सदुसष्ट. त्यातली पंचेचाळीस वर्षं हात ग्रीसमध्ये. वाडीत कोणीही जुनी गाडी घ्यायला निघाला की मला बरोबर नेतो. "काकांनी कान लावला की झालं." त्याच काकांना ५,३५,००० रुपयांना पुरात बुडालेली गाडी विकली गेली. भर दुपारी, आणि त्यांच्याच कानाच्या भरवशावर.

पुरातल्या गाड्या धुऊनपुसून कशा विकतात आणि मीटर कसा मागे फिरवतात, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. मलाही होतं. म्हणून तर जास्त चरफड होते.

माझी जुनी बोलेरो २००६ ची. डीआय इंजिन, साधा मेकॅनिकल पंप, कॉम्प्युटर वगैरे भानगड नाही. ३,४१,००० किलोमीटर झाले. हेड गॅस्केट एकदा बदललं, बाकी इंजिन उघडलेलं नाही. लोक विचारतात, काय केलंत? काही नाही केलं. ऑइल वेळेवर बदललं आणि घाट चढून आल्यावर मिनिटभर गाडी तशीच चालू ठेवून मग बंद केली. टर्बो तापलेला असतो, इंजिन बंद केलं की त्याचं तेल तुटतं, हे ज्याला कळलं त्याचा टर्बो टिकला. पण कोकणात गाडी इंजिनाने मरत नाही, चासीने, म्हणजे खालच्या सांगाड्याने मरते. दर वैशाखात खाली आडवा पडून जळकं ऑइल मारत आलो, दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून आलो की गोड्या पाण्याने खालून धुतली, तरी मागच्या स्प्रिंगपाशी चासीत बोट जाईल एवढं भोक पडलं. २०२१ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा पाच वर्षांचं पासिंग कसंबसं झालं. पुढचं होणार नाही हे दिसतच होतं.

मुलगा म्हणाला, बाबा नवी घ्या. पण २०२० साली बीएस-६ हा प्रदूषणाचा नवा नियम आला आणि बोलेरोचं अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन जाऊन दीड लिटरचं तीन सिलिंडरचं आलं. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. मला नको होतं, एवढंच. म्हातारपणाचा हट्ट म्हणा. म्हणून २०१८ चं मॉडेल शोधत होतो, तेही घाटावरचं, म्हणजे खारा वारा न लागलेलं.

२०२४ ची दिवाळी झाली आणि नोव्हेंबरात जुन्या गाड्या विकणाऱ्या एका यार्डाचा फोन आला. शहराचं नाव लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय. कुंभार्ली चढून कराडच्या पुढे गेलं की लागतं, एवढं पुरे. गाडी पांढरी, नंबर एमएच-०८, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचा, मालक दुसरा, मीटर ६८,४१०. "पहिले मालक तुमच्याच रत्नागिरीकडचे, बदली झाली. तीन वर्षं गाडी हितंच हाय." मला तर बरंच वाटलं. आपल्याकडची गाडी आणि राहिली घाटावर!

यार्डवाला पोरगा पस्तिशीचा असेल. एकदाही गाडीची तारीफ केली नाही त्याने. उलट मला म्हणाला, "काका, तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्हीच ऐका की इंजिन." आणि खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला. तिथेच मी मेलो. वीस मिनिटं त्या स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून मी एकेक इंजेक्टर ऐकत होतो. ऑइलचं झाकण काढून धूर फेकतंय का पाहिलं. थंड असताना पहिल्या सेल्फला उचलते का पाहिलं. सगळं उत्तम. यार्डातली चार पोरं भोवती उभी राहून बघत होती आणि मला, खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

आता ती गोष्ट, जी रात्री झोपू देत नाही.

ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, सीटबेल्टचा पट्टा ओढला, तो अर्ध्यावर अडकला. मी दोनदा हिसका दिला, लावण्यापुरता आला, लावला. संपूर्ण ओढला नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले दिसले. आणि हे माझं पाप, त्या पोराने त्यावर एक शब्द काढला नव्हता. मीच म्हणालो, "हां, सुरुवातीला कोकणात होती ना, खाऱ्या हवेचा गंज." तो नुसता हसला. अहो, समुद्राचा गंज खालून आणि बाहेरून चढतो, केबिनमधल्या बोल्टांवर कुठून येणार? चाळीस वर्षं दुसऱ्यांना हे सांगत आलोय.

ही मागे बसली होती. म्हणाली, "अहो, पावसाळ्यात माजघरात भिजलेल्या गोणपाटाला येतो तसा वास येतोय." डॅशबोर्डवर अत्तराची एक सोडून दोन बाटल्या, चारी काचा उघड्या, तरी तिला आला. मी काय म्हणालो? "डिझेलची गाडी आहे, मोगऱ्याचा गजरा नव्हे." पोरं हसली. ती गप्प बसली. अजूनही या विषयावर गप्पच आहे, ते जास्त लागतं.

आणि मला तो वास माहीत नव्हता असंही नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं, त्यानंतर चार दिवस मी तिथेच होतो, भाच्याच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या गाड्यांतलं पाणी उपसत. "चावी लावू नका, सेल्फ मारू नका" असं ओरडून ओरडून घसा बसला होता. पाणी काही दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉडच वाकतो. बंद उभी राहून बुडालेली गाडी, कोणी चावी न लावता, तेल काढून, नोझल उघडून पाणी बाहेर काढलं तर इंजिन वाचतं. ही गाडी तशीच वाचवलेली होती. म्हणून इंजिन गात होतं. कोणा माझ्यासारख्यानेच नीट वाचवलं असेल.

व्यवहार असा झाला: ११,००० टोकन, ३,५०,००० बँकेतून, १,७४,००० रोख. रोखीची पावती नाही. "काका, कागदावर कमी दाखवू, तुम्हालाच बरं पडेल." सगळे करतात, मीही केलं. नका करू. विक्रीच्या कागदावर ३,६१,००० लिहिलंय आणि खाली, "गाडी पाहून, तपासून, पसंत पडल्याने घेतली." त्याखाली माझी सही, झोकदार.

थंडी-उन्हाळा गाडी छान चालली. २०२५ चा पाऊस मे महिन्यातच येऊन थडकला. जूनच्या पहिल्या आठवड्यात नातवाला घेऊन कुंभार्ली उतरत होतो. संध्याकाळचे साडेसात, धुकं, पाऊस. आधी मीटरचे सगळे दिवे एकदम पेटले, मग हेडलाइट गेले, मग इंजिन. वळणावर काळोखात ब्रेक दाबून धरलेले आणि डॅशबोर्डच्या आत एक रिले टकटक, टकटक करतोय. नातू म्हणतो, आजोबा, आत पाल आहे का? ट्रकवाल्यांनी टॉर्च धरून गाडी कडेला घेतली. ४,२०० रुपये टोचन देऊन खाली आणली.

दुसऱ्या दिवशी खळ्यात सीट उतरवली, कार्पेट उचललं. खाली राखाडी, मैद्यासारखा बारीक गाळ. आमच्याकडची धूळ तांबडी, जांभ्याची. हा नदीचा गाळ. वायरींचे जोड, कपलर, एकेक सोडवले तर पिना हिरव्या झालेल्या. कोरड्या हवेत कशाबशा चालत होत्या, दमट हवा आली आणि संपल्या. मग पट्टा धरला आणि पाय रोवून शेवटपर्यंत ओढला. तळाची वीतभर पट्टी राखाडी, आणि त्यावर आडवी रेघ. भरतीची रेघ असते तशी. यार्डात ही वीतभर पट्टी ओढायला दहा सेकंद लागले असते.

म्हणून सांगतो, पट्टे पाचही ओढा, पूर्ण. स्टेपनी काढून खालचा खड्डा हाताने चाचपा. ब्रेकच्या पेडलचं रबर कोरं आणि स्टिअरिंगला नवं कव्हर असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. या गाडीला दोन्ही होतं. शक्यतो गाडी भर पावसात बघा. आणि बायको काही म्हणाली तर ऐका.

दुरुस्ती: वायरिंग हार्नेस मजुरीसकट ४१,५००, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ३८,०००, अल्टरनेटर आणि स्टार्टर १४,६५०. टोचन धरून ९८,३५०. ओळखीच्या एकाने सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर टाकून पाहिलं. जून २०२१ ला १,०९,८७० किलोमीटर, पुढच्याच महिन्यात नोंद: पाण्यात बुडालेली, टोटल लॉस, म्हणजे विम्याच्या हिशेबी गाडी संपली. हे मी आधीही विचारू शकलो असतो. चासी नंबर आरसीवर असतो, फोन फुकट असतो. लाखभर चाललेलं पण सांभाळलेलं डिझेल इंजिन आणि साठ-सत्तर हजारांचं, यातला फरक कानाला कळत नाही. मला कळतो अशी माझी समजूत होती.

आता सरकार दरबाराची कथा. पहिल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, व्यवहार तिकडे झाला, तिकडे जा. मी म्हटलं, साहेब, नव्या कायद्यात कुठल्याही ठाण्यात तक्रार घेता येते, हद्दीचा प्रश्न नाही, भारतीय नागरी सुरक्षा संहिता, कलम १७३. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच चोर. दुसऱ्या ठाण्यात, घाटावर, तीन तास बाकावर बसवलं आणि म्हणाले, ही दिवाणी बाब आहे. कागद वाचून एकाने विचारलं, "काका, तुम्ही स्वतः गाड्यांतले ना? मग फसलात कसे?" बाकीचे हसले. यार्डातली पोरं हसली होती तसेच. रोख १,७४,००० चा पुरावा? नाही. मग ते दिलेच नाहीत.

तिकडच्या आरटीओ कार्यालयात गेलो. खिडकी क्रमांक तीनवरून सात, सातवरून वरचा मजला. उत्तर काय, कागद बरोबर आहेत, नाव ट्रान्सफर झालंय, मीटर आमच्या अखत्यारीत नाही. बरं, जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला १ एप्रिल २०२३ पासून तुमच्याकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, या यार्डाकडे ते आहे का, एवढं तरी सांगा. "माहिती अधिकारात अर्ज करा." केला. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. उत्तर आलं, सदर माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित असल्याने देता येत नाही. म्हणजे दुकानाचं लायसन आहे की नाही, हेही गुपित! विमा कंपनी म्हणते, जुन्या क्लेमची माहिती फक्त पॉलिसीधारकाला. ज्याने पैसे घेऊन गाडी सोडली त्याला माहिती, आणि जो त्यात नातवाला बसवतो त्याला नाही. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचं पासिंग दिसतं, विमा दिसतो, बुडाली होती हे कुठेच दिसत नाही. घरपट्टी तीन महिने थकली तर दारात येतात हे लोक.

तुम्ही जुनी गाडी घ्याल तर विक्रेत्याकडे आरटीओचं ते अधिकारपत्र व्यवहाराच्या आधी मागा. नंतर कोणी दाखवत नाही.

शेवटी ग्राहक आयोगात गेलो. एक बरं आहे, २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. माझी कागदावरची रक्कम ३,६१,०००, म्हणून फी माफ. एवढाच त्या चोरट्या कागदाचा उपयोग. पहिली नोटीस "पत्त्यावर आढळले नाहीत" शेरा मारून परत आली. यार्ड तिथेच आहे, फक्त पाटी बदललीय. दुसरी पाठवलीय.

दरम्यान पट्ट्याची ती रेघवाली वीतभर पट्टी मी कात्रीने कापून प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर तारीख लिहिली आणि कपाटात जपून ठेवली, पुरावा म्हणून. परवा वकिलांना दाखवली. त्यांनी पिशवी उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "काका, ही गाडीलाच असायला हवी होती हो. कापली कशाला?"